जुनं पर्क मशीन घ्यावं का? आधी लिटरचा हिशोब मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सोसायटीच्या तळमजल्यावर तुमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे, काम एमटीओवर (मिनरल टर्पेंटाइन ऑइल या पेट्रोलियमपासूनच्या द्रवावर) चालतं आणि वरच्या मजल्यांवर लोक राहतात. युरोपातून आलेलं १५ किलोचं वापरलेलं पर्क मशीन स्वस्तात मिळतंय (पर्क म्हणजे परक्लोरोइथिलीन, पाण्याऐवजी कपडे धुवायचं सॉल्व्हंट). तिकडे पर्कवर बंदी येतेय म्हणून भाव पडलाय, असं विक्रेताच सांगतोय. मग मशीन घ्यावं का, उद्या आपल्याकडेही बंदी येईल का, आणि एमपीसीबीचं, म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, काय करायचं?

या जागेत हे मशीन बसवू नका. दुसरी जागा असेल तर उत्तर मशीनच्या पिढीवर (ते वाफ किती अडवतं यावर पिढी ठरते) आणि तुम्ही रोजची नोंद ठेवणार की नाही यावर अवलंबून आहे. दोन्हींची कारणं सविस्तर लिहितो, कारण ‘बंदी आहे का’ हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. खरा प्रश्न हा की तुम्ही विकत घेतलेला प्रत्येक लिटर शेवटी गेला कुठे. जगभरातले पर्कचे नियम वाचलेत तर ते सगळे याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतील.

आधी बंदीबद्दल. अमेरिकेच्या ईपीएनं, म्हणजे पर्यावरण संरक्षण संस्थेनं, डिसेंबर २०२४ मध्ये काढलेल्या नियमात ड्रायक्लीनिंगमधला पर्कचा वापर दहा वर्षांत, म्हणजे २०३४ च्या अखेरीपर्यंत, थांबवायची मुदत घातली आणि तिसऱ्या पिढीच्या मशीनना तीनच वर्षं दिली. पण त्याच्या कितीतरी आधी, २००६ च्या नियमानं, राहत्या इमारतींतली पर्क मशीन २१ डिसेंबर २०२० पर्यंत काढायला लावली होती. फ्रान्सनं २०१३ पासून घरांना लागून असलेल्या जागेत नवं पर्क मशीन बसवू दिलं नाही आणि जुनी टप्प्याटप्प्यानं काढायला लावली. कॅलिफोर्नियानं २००७ मध्ये ठरवून १ जानेवारी २०२३ पासून पर्क पूर्ण थांबवलं. हा क्रम बघा. सरसकट बंदीपर्यंत गोष्ट जाण्याआधी घराखालच्या मशीनवर हात पडला. पर्कची वाफ स्लॅबमधून, पाइपांच्या डक्टमधून, वायरिंगच्या नळीतून वर जाते. दुकानातला माणूस आठ-दहा तासांनी घरी जातो, वरच्या मजल्यावरचं तान्हं मूल चोवीस तास तिथंच असतं.

भारतात ड्रायक्लीनिंगसाठी पर्कवर अशी देशव्यापी बंदी नाही. पण आपल्याकडे सॉल्व्हंट कधी बंद होतच नाही असं समजू नका. डागांसाठी सर्रास वापरलं जाणारं कार्बन टेट्राक्लोराइड, म्हणजे सीटीसी, ओझोनच्या मॉन्ट्रियल करारामुळे १ जानेवारी २०१० पासून अशा वापरातून बाद झालं. पर्क आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २ए गटात आहे, म्हणजे ‘माणसाला बहुधा कर्करोगकारक’. मशीन पंधरा वर्षं चालेल असं धरून पैसे घालत असाल तर हे गणितात घ्या.

आता हिशोबाकडे येतो. युरोपीय संघाची मर्यादा मला सगळ्यात उपयोगी वाटते, कारण ती मोजायला महागडं यंत्र लागत नाही. धुऊन वाळवलेल्या दर किलो कपड्यामागे हवेत आणि पाण्यात मिळून जास्तीत जास्त २० ग्रॅम सॉल्व्हंट जावं, एवढंच ती सांगते. पर्कचा एक लिटर १.६२ किलोचा असतो. म्हणजे एक लिटर पर्क उडालं तर त्यामागे निदान ८१ किलो कपडे निघाले पाहिजेत.

समजा महिन्याच्या सुरुवातीला टाक्यांत आणि पिंपात मिळून १८० लिटर होतं, ६० लिटर आणलं, शेवटी १९० उरलं आणि स्लज (पर्क शुद्ध करताना उरणारा गाळ) व फिल्टरसोबत अंदाजे १२ लिटर बाहेर गेलं. १८० अधिक ६०, वजा १९०, वजा १२. राहिले ३८ लिटर, म्हणजे साधारण ६१.५ किलो. महिन्याभरात २,४०० किलो कपडे धुतले असतील तर किलोमागे २५ ग्रॅमहून जास्त गेलं. मर्यादेत बसायला ४८ किलोच जायला हवं होतं. वरचं साडेतेरा किलो, म्हणजे आठ-साडेआठ लिटर, तुमच्या आणि शेजाऱ्यांच्या फुप्फुसात नाहीतर गटारात गेलं. कपडे कोरडे असताना तोलायचे आणि प्रत्येक लोडचं वजन वहीत लिहायचं. ‘अंदाजे फुल लोड’ असं लिहिलेल्या वहीतून काहीही कळत नाही.

पर्क कुठून जातं हे शोधताना पहिला संशय वाळवणीवर घ्या. गर्दीच्या दिवसांत वाळवणीची मिनिटं कापली जातात आणि ओलसर कपडा बाहेर येतो. मग इस्त्रीची वाफ लागली की वास उठतो. खांद्याचे पॅड, अस्तराचे कोट, रजई, जाड लोकर यांत पर्क सर्वात जास्त वेळ अडकतं. अशा मालाला वेगळा, लांब प्रोग्रॅम लागतो आणि लोडही कमी घ्यावा लागतो. कंडेन्सरकडून (वाफ गार करून तिचा द्रव करणारा भाग) सेपरेटरकडे (पर्क आणि पाणी वेगळं करणारी टाकी) जाणाऱ्या नळीवर काचेची छोटी खिडकी असते. वाळवणीच्या सुरुवातीला तिथे पेन्सिलएवढी जाड धार दिसते, मग ती दोऱ्यासारखी बारीक होते, मग थेंब सुटे सुटे पडू लागतात. थेंबांमधलं अंतर वाढून ते जवळजवळ थांबले की मगच गार हवेचा टप्पा सुरू झाला पाहिजे. घड्याळापेक्षा मी त्या काचेवर विश्वास ठेवतो.

दुसरा संशय रेफ्रिजरेशनवर. अमेरिकी नियमात थंड कंडेन्सरमधून बाहेर पडणारी हवा गार करण्याच्या टप्प्याच्या शेवटी, दार उघडण्यापूर्वी, ७.२ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली असावी लागते. तिथं थर्मामीटर नसेल तर बसवून घ्या आणि आठवड्यातून एकदा आकडा लिहा. आकडा ९, ११, १३ असा चढत गेला तर गॅस कमी झालाय, कंडेन्सरची कॉइल लिंटनं (कपड्यांच्या सुटलेल्या तंतूंनी) भरलीय किंवा लिंट फिल्टर तुंबून हवाच फिरत नाहीये. फिल्टर आधी बघा. ते बघणं फुकट आहे आणि बहुतेक वेळा दोषी तोच असतो.

मग गॅस्केट. दाराचं, बटन ट्रॅपच्या (सुटलेली बटनं अडवणाऱ्या जाळीच्या) झाकणाचं, लिंट फिल्टरच्या कप्प्याचं, स्टिलच्या (घाण पर्क उकळून शुद्ध करणाऱ्या भांड्याच्या) दाराचं. साधं रबर किंवा ईपीडीएम पर्कमध्ये फुगतं आणि मऊ पडतं. बाजारातल्या फॅब्रिकेटरकडून कापून घेतलेलं ‘तसंच’ गॅस्केट महिन्यात गळायला लागतं ते यामुळेच. विटॉन (रसायनं सोसणारं रबर) किंवा टेफ्लॉनच मागा. गळती शोधायला हॅलोजन लीक डिटेक्टर चालतो, एसी मेकॅनिककडे असतो तोच. मात्र नव्या प्रकारचे काही डिटेक्टर ठरावीक गॅसच ओळखतात, म्हणून आधी पर्कच्या बाटलीच्या झाकणाजवळ धरून तो बोलतो का ते पाहा. नाकावर विसंबू नका. नाकाला पर्कची फार लवकर सवय होते, आणि दुकानातल्या माणसाला वास येईनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं होत नाही.

पाण्याचा भाग लोक सगळ्यात हलक्यात घेतात, म्हणून इथं थोडा थांबतो. सेपरेटरमधून रोज थोडं पाणी निघतं. दिसायला स्वच्छ, आणि ते मोरीत ओतायची पद्धत आहे. पर्क पाण्यात फार विरघळत नाही हे खरं, लिटरमागे साधारण १५० मिलिग्रॅमच विरघळतं. पण अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.००५ मिलिग्रॅम आहे. भागाकार करा: सेपरेटरचं एक लिटर पाणी तीस हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. शिवाय पर्क पाण्याहून जड असल्यामुळे ड्रेनेजच्या सांध्यातून गळलं की खाली खाली जात राहतं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतूनच फिरतं, आणि त्याच भेगा सोसायटीच्या बोअरपर्यंत पोहोचतात. एकदा तिथं गेलेलं पर्क काढणं कोणत्याही दुकानदाराच्या ऐपतीबाहेरचं आहे. म्हणून हे पाणी झाकणाच्या कॅनमध्ये साठवायचं आणि घातक कचऱ्यासोबत द्यायचं. शेगडीवर उकळून ‘संपवायचं’ तर मुळीच नाही.

शेगडीवरून आठवलं. पर्क पेटत नाही, म्हणून ते सुरक्षित, असं विक्रेते सांगतात. पेटत नाही हे खरं आहे. पण त्याची वाफ ज्योतीवर किंवा तापून लाल झालेल्या धातूवर गेली की तिचं विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीन तयार होतात. फॉस्जीन हा पहिल्या महायुद्धात वापरलेला विषारी वायू. म्हणून गॅसवर चालणारा बॉयलर, गॅसची इस्त्री, विडी-सिगरेट यांतलं काहीच मशीनच्या खोलीत नको. बॉयलरचा बर्नर आणि चिमणी विनाकारण गंजू लागली तर पर्कची वाफ तिकडे ओढली जातेय असं समजा. फार तापवू नये हा नियम स्टिललाही लागू. पर्क १२१ अंशांना उकळतं. स्टिल दोन तृतीयांशाच्या वर भरू नका, नाहीतर फेस उसळून घाण थेट कंडेन्सरमध्ये जाते आणि स्वच्छ टाकी खराब होते. आणि स्लज लवकर सुकवायच्या घाईत १५० अंशांपुढे नेऊ नका.

स्लज, वापरलेले फिल्टर आणि वापरलेला कार्बन हे २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांच्या अनुसूची १ मध्ये येतात. सॉल्व्हंटच्या वापरातून निघणारे अवशेष क्रमांक २० खाली आणि वापरलेला कार्बन व फिल्टर ३६.२ खाली. साठवण सर्वसाधारणपणे ९० दिवसांपर्यंत. लहान उत्पादकांना मंडळ ती वाढवून देऊ शकतं, पण ते लेखी घ्यावं लागतं. नोंदवही फॉर्म ३ मध्ये, पिंपावर फॉर्म ८ चं लेबल, माल उचलताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (वाहतुकीची नोंद) आणि वर्षाचा ताळेबंद फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. पुण्याहून हा कचरा रांजणगावच्या केंद्रात जाऊ शकतो. राज्यात तळोजा आणि बुटीबोरीलाही अशी केंद्रं आहेत. कार्ट्रिज फिल्टर बदलताना तो आहे त्याच कप्प्यात बंद ठेवून २४ तास निथळू द्या. एवढ्या साध्या गोष्टीनं बरंच पर्क परत टाकीत येतं. स्लजचं पिंप भंगारवाला ‘काहीतरी करतो’ म्हणून नेत असेल तर देऊ नका. स्लज उघड्यावर ओतला गेला तर कागदावर जबाबदारी तुमचीच राहते.

एमपीसीबीचा क्रमही विचारलात. मशीन येण्याआधी स्थापनेची संमती, मग चालवण्याची संमती, दोन्ही १९७४ च्या जल आणि १९८१ च्या वायू कायद्याखाली, आणि सोबत घातक कचऱ्याची परवानगी. अर्ज ऑनलाइन होतो. तुमचा उद्योग कोणत्या रंगाच्या (प्रदूषणानुसार पाडलेल्या) गटात बसतो हे सॉल्व्हंट, बॉयलरचं इंधन आणि सांडपाणी यांवर ठरतं, त्यामुळे दुसऱ्या लाँड्रीवाल्याचं प्रमाणपत्र पाहून अंदाज बांधू नका. उपप्रादेशिक अधिकाऱ्याकडून लेखी विचारून घ्या. महापालिका आणि अग्निशमन यांचं वेगळं. मशीन आधी आणून नंतर संमती मागणाऱ्याची सगळी बाजू पडती असते.

इथवर वाचून ‘मग एमटीओच बरं’ असं वाटलं असेल तर तेही तपासा. एमटीओचा धोका आगीचा आहे, आणि वरच्या मजल्यांसाठी तो पर्कहून कमी नाही. भारतीय मानकात १४५/२०५ ग्रेडच्या एमटीओचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, किमान ३० अंश आहे. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमधली हवा त्याच्या वर असते. नागपूर-चंद्रपूरला तर उन्हाळ्यात सावलीतही तीच गत. म्हणजे उघड्या टबाच्या तोंडाशी पेट घेईल अशी वाफ दुपारभर तयार असते, फक्त ठिणगी हवी. ती हायड्रोच्या (कपडे पिळणाऱ्या यंत्राच्या) साध्या मोटरमधून येते, टेरिलीनचा कपडा झटकताना स्थिर विजेतून येते, बटन दाबलेल्या पंख्यातून येते. मोटर आणि स्विच फ्लेमप्रूफ, हायड्रोला आणि टबाला अर्थिंग, कपडे वाळायला बंद खोली नव्हे, आणि एमटीओ ओला माल इस्त्रीच्या टेबलाजवळ नाही. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात एमटीओ ‘ब’ वर्गात येतं. एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर साठवणीला परवाना लागत नाही. पण ही परवान्याची मर्यादा आहे, सुरक्षिततेची नाही. घराखालच्या दुकानात आठवड्याच्या गरजेपेक्षा जास्त ठेवूच नये. आणि डागासाठी पेट्रोल वापरणं आजपासून बंद. ते ‘अ’ वर्गातलं आहे, थंडीतसुद्धा पेटतं.

स्पॉटिंग (डाग काढायच्या) टेबलावरच्या बाटल्याही एकदा तपासा. मशीनवर लाखो खर्च करून टेबलावर ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई, उघड्या बाटलीत ठेवलेलं असतं. ते पर्कहून वाईट, कर्करोगकारकांच्या पहिल्या गटातलं. लेबल नसलेली बाटली असेल तर ती घातक कचऱ्यात. दुकानातल्या पोरांचे हात वाचवायचे असतील तर पातळ लॅटेक्स हातमोजे फेकून द्या. पर्क त्यातून काही मिनिटांत पार जातं. थोड्या वेळाच्या कामाला जाड नायट्राइल, स्टिल साफ करायला विटॉन. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफेला काहीच अडवत नाही, सेंद्रिय वाफेचं कार्ट्रिज लागतं. गरोदर बाई कामाला असेल तर तिला मशीन आणि स्पॉटिंगपासून पूर्ण लांब ठेवा.

पर्यायांबद्दल. उच्च फ्लॅश पॉइंटचं हायड्रोकार्बन, साठ अंशांच्या वरचं, बंद मशीनमध्ये वापरलं तर तुमच्या आजच्या उघड्या एमटीओपेक्षा कितीतरी चांगलं. त्याची ताकद पर्कपेक्षा कमी. पर्कचा केबी अंक (हीच विरघळवण्याची ताकद दाखवणारा आकडा) ९० च्या आसपास, याचा तिशीच्या आसपास. तेलकट कॉलरला जास्त वेळ लागतो, पण त्याच कारणानं टिकल्या, चिकटवलेले खडे आणि पिगमेंट छपाई वाचते. पर्कमध्ये या गोष्टी विरघळतात किंवा निसटतात, आणि लग्नसराईतल्या मालात त्याच जास्त असतात. कपड्याच्या लेबलवरच्या वर्तुळातलं अक्षर बघा: पी असेल तर पर्क चालतं, एफ असेल तर फक्त हायड्रोकार्बन, डब्ल्यू असेल तर व्यावसायिक वेट क्लीनिंग, म्हणजे खास यंत्रात पाण्यानं हळुवार धुणं. सिलिकॉनवाल्या डी५ सॉल्व्हंटवर युरोपनं २०२४ मध्ये निर्बंध आणलेत आणि ड्रायक्लीनिंगला २०३४ पर्यंतच मुदत दिलीय, त्यामुळे ‘ग्रीन’ म्हणून त्यात नवे पैसे घालू नका. पर्कच्या मशीनमध्ये एन-प्रोपिल ब्रोमाइड घालून चालवायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका, ते मज्जातंतूंवर परिणाम करतं आणि अमेरिकेत अशा दुकानांतले कामगार आजारी पडल्याची नोंद आहे.

तुमच्या जागेसाठी मला वेट क्लीनिंग सर्वात योग्य वाटतं: ड्रमचा वेग हळू ठेवता येणारं वॉशर, ओलावा मोजून थांबणारा ड्रायर आणि फिनिशिंगचं चांगलं टेबल. सूट, लोकर, बराचसा रेशमी माल यात निघतो. पैठणी किंवा जुनी जर असलेला माल मात्र पदराच्या टोकाला रंग आणि जर तपासल्याशिवाय पाण्यात घालू नये. असा माल वेगळा काढून दुसऱ्या प्लांटला देता येतो.

दुसरा रस्ता म्हणजे सोसायटीतलं दुकान फक्त गोळा करायचं ठेवून प्लांट भोसरीसारख्या औद्योगिक गाळ्यात नेणं. तसं करणार असाल तर ते मशीन बघायला हरकत नाही, पण या अटींवर. ते निदान चौथ्या पिढीचं असावं, म्हणजे हवा बाहेर न टाकणारं, थंड कंडेन्सर आणि कार्बन ॲडसॉर्बर (उरलेली वाफ कार्बनवर धरून ठेवणारा भाग) दोन्ही असलेलं. पाचव्या पिढीचं असेल तर ड्रममधली वाफ मोजणारा सेन्सर असतो आणि ती उतरल्याशिवाय दार उघडतच नाही. जर्मनीत ही मर्यादा घनमीटरला २ ग्रॅम आहे. आपल्याकडे येईपर्यंत अनेकदा हा सेन्सर बायपास केलेला असतो, म्हणून वायरिंग उघडून बघा. रेफ्रिजरेशन आर-२२ या जुन्या गॅसवर असेल तर गॅस दिवसेंदिवस महाग होणार हे किमतीतून कापून घ्या. टाक्या, स्टिल आणि फिल्टर रिकामे व साफ केल्याचं लेखी मागा, नाहीतर मशीनसोबत दुसऱ्याचा स्लज तुमच्या नावावर येतो.

बसवताना मशीनखाली स्टीलचा ट्रे हवा, सर्वात मोठी टाकी पूर्ण रिकामी झाली तरी मावेल एवढा. काँक्रीटच्या फरशीवर भरवसा नको, पर्क तिच्यातून झिरपतं. हवा ओढणारा पंखा खालच्या बाजूलाही असावा, कारण सांडलेल्या पर्कची दाट वाफ जमिनीलगत पसरते. दार उघडताना आतल्या बाजूला हवा ओढली गेली पाहिजे, दाराच्या तोंडाशी सेकंदाला अर्धा मीटर तरी. २०० लिटरचं भरलेलं पिंप सव्वातीनशे किलोच्या वर जातं, ते दोघांनी कलंडवून ओतायचं नाही, पंपानंच काढायचं. आणि पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमच्यासमोर दोन पूर्ण लोड चालवायला लावा. एक साध्या पँट-शर्टांचा, एक जाड कोटांचा. कंडेन्सरचं तापमान, काचेतली धार किती मिनिटांनी थांबते ते आणि दार उघडल्यावर डिटेक्टर काय दाखवतो ते लिहून घ्या, मग त्याच आकड्यांवर भाव बोला.